पिवळ्या त्रिकोणाची बाटली: क्लोरपायरीफॉसवर बंदी आहे की नाही?

सांगोल्याहून चुलतभावाचा फोन आला. "अक्का, क्लोरोवर बंदी आली म्हणं. मग दुकानात कशी काय मिळायलीय?"

त्याच दिवशी सकाळी तो कृषी सेवा केंद्रातून एक लिटरची बाटली घेऊन आला होता, पक्क्या बिलावर. डाळिंबाच्या खोडांना गेरूचा लेप द्यायचा होता, त्यात कालवायला. संध्याकाळी गावच्या ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली की या औषधावर जगभर बंदी आली. मी सोलापुरात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, म्हणून घरातले असले सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. त्याला फोनवर जे तुटक-तुटक सांगितलं, तेच इथे नीट मांडते. बातमी खरी आहे आणि बिलही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

## औषध म्हणतो ते काय आहे

आपण त्याला औषध म्हणतो. "औषध मारायचंय", "औषध आणायचंय". हा शब्द इतका अंगवळणी पडला आहे की बाटलीवर ठळक अक्षरांत विष असं छापलेलं असूनही ते डोळ्यांना दिसत नाही.

क्लोरपायरीफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट म्हणजे फॉस्फरस असलेली, किड्याच्या मज्जासंस्थेवर घाव घालणारी रसायनं. हा जड शब्द एकदाच वापरते, पुढे त्यांना "फॉस्फरसवाली औषधं" म्हणेन. हे घराणं आपल्या ओळखीचं आहे. मोनोक्रोटोफॉस म्हणजे आपलं मोनो, फोरेट म्हणजे उसात टाकायचं ते थिमेट, डायमेथोएट म्हणजे रोगर, आणि प्रोफेनोफॉस, अ‍ॅसिफेट ही सगळी एकाच घरातली. या घराण्याचा मूळपुरुष १९३० च्या दशकात जर्मनीत सापडला. गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनशास्त्रज्ञ किडे मारायची औषधं शोधत होता आणि त्याच्या हाती टाबून आणि सारिन हे युद्धात वापरायचे विषारी वायू लागले. शेतातलं औषध आणि रणांगणावरचं विष यांची कामाची रीत एकच आहे, फरक ताकदीचा आहे.

क्लोरपायरीफॉस १९६५ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. स्वस्त, सगळ्या दुकानांत मिळणारं, मुळं कुरतडणाऱ्या हुमणीच्या अळीपासून वाळवीपर्यंत सगळ्यांवर चालणारं. शहरातल्या वाचकांनी हे शेतकऱ्यांचं दुखणं समजू नये. नवीन घराच्या पायात वाळवीसाठी जे पांढरट, उग्र वासाचं पाणी ओततात, ते पुष्कळदा हेच असतं.

## दारं धरणारा गडी

हे विष नेमकं करतं काय? उसाला पाणी देताना पाटावर उभा असलेला गडी डोळ्यांपुढे आणा. एक वाफा भरला की तो खोऱ्याने माती ओढून बारं बंद करतो आणि पाणी पुढच्या वाफ्यात सोडतो. आपण त्याला दारं धरणं म्हणतो. दारं धरणारा झोपला, तर पहिला वाफा तुंबतो, बांध फुटतो, रान चिखल होतं.

शरीरात मज्जातंतू स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप देतो तो एका रसायनाच्या रूपात. त्याचं नाव अ‍ॅसिटिलकोलीन. हे आपलं पाटाचं पाणी. निरोप पोचला की ते तिथल्या तिथे तोडून टाकणारं एक प्रथिन असतं, कोलीनेस्टरेज. हा दारं धरणारा गडी. फॉस्फरसवाली औषधं या गड्याचे हात बांधून टाकतात. निरोप थांबतच नाही. ग्रंथी पाझरत राहतात, स्नायू फडफडत राहतात आणि शेवटी थकून पडतात.

म्हणून विषबाधेची सगळी लक्षणं पाण्याची आहेत. तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून धारा लागतात, घामाने अंग निथळतं, जुलाब होतात, लघवीवर ताबा राहत नाही. छातीत पाणी साठून माणूस घुसमटतो. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक होतात.

किड्याचा आणि माणसाचा हा गडी जवळजवळ सारखाच आहे. किडा लहान म्हणून थोडक्यात मरतो. आपण वाचतो ते मोठे म्हणून, आणि आपलं शरीर हे विष काही प्रमाणात निष्प्रभ करू शकतं म्हणून.

## तात्यांना ऊन लागलं नव्हतं

हे मी पुस्तकातून शिकले होते, पण कळलं तात्यांमुळे. बऱ्याच वर्षांपूर्वी, एप्रिलच्या अखेरीला तात्या बागेत पंप पाठीवर घेऊन फवारत होते. सोलापूरचा एप्रिल काय असतो ते सांगायला नको. अंगात बनियन, तोंडाला काही नाही, आणि पंपाचं झाकण थोडं गळत होतं. पाठीवरून औषध कमरेपर्यंत ओघळत होतं आणि त्यांना ते घामासारखंच वाटत होतं.

दुपारी ते बांधावर बसले ते उठेनात. जवळच्या दवाखान्यात "ऊन लागलं" म्हणून सलाईन लावलं. तासाभराने दुसऱ्या ठिकाणी हलवल्यावर एका तरुण डॉक्टरांनी टॉर्च डोळ्यांवर धरला, बाहुल्या पाहिल्या आणि पहिला प्रश्न केला, "काय मारत होते?" मग बनियन कापून काढलं, अंग साबणाने धुतलं आणि अ‍ॅट्रोपिन या उताऱ्याची इंजेक्शनं सुरू झाली. तात्या वाचले.

जिथे पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि ऐन उन्हात फवारे चालतात, तिथे ही गल्लत पुन्हा पुन्हा होणार. ऊन लागलेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं. इथे उलट, तोंडातून लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, दंडाचे-पायांचे स्नायू आपोआप उडू लागतात. फवारणीनंतर असं काही दिसलं तर माणसाला रानातून बाहेर काढा, कपडे उतरवा, केसांपासून नखांपर्यंत साबणाने धुवा, १०८ ला फोन करा आणि बाटली बरोबर न्या. दूध, तूप, मिठाचं पाणी काही पाजू नका, उलटी करायला लावू नका. जो धुवील त्याने हातात मोजे किंवा निदान प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात.

अ‍ॅट्रोपिन त्या गड्याचे हात सोडवत नाही. ते वाफ्याच्या तोंडावर फळी लावतं, म्हणजे पाणी आत येत नाही. हात सोडवणारं दुसरं औषध आहे, प्रॅलिडॉक्झिम. पण गाठ जुनी झाली की ती सुटत नाही, म्हणून ते लवकर द्यावं लागतं, आणि त्याचा उपयोग किती होतो यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाही. सुरुवातीचं संकट टळल्यावर एक ते चार दिवसांत मान आणि श्वासाचे स्नायू लुळे पडण्याचा धोका असतो. "बरं वाटतंय" म्हणून दुसऱ्या दिवशी पेशंटला घरी आणू नका, हे मी हात जोडून सांगते.

## मग वाद कशाचा आहे

एवढं सगळं होऊनही क्लोरपायरीफॉस हे या घराण्यातलं मवाळ समजलं जातं. आपल्याकडे बाटलीवर चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंगीत त्रिकोण. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. मोनोच्या बाटलीवर कवटीसह लाल त्रिकोण, क्लोरपायरीफॉसच्या बाटलीवर पिवळा. पण हे रंग ठरतात ते एकदम पोटात किंवा कातडीतून अंगात गेलं तर किती मात्रेने जीव जातो यावर. रोज थोडं थोडं अंगात गेलं तर काय, हे तो त्रिकोण सांगत नाही.

नेमकी तिथेच मेख आहे. सुरक्षित मात्रा ठरवायची जुनी रीत अशी होती की रक्तातले किती गडी निकामी झाले ते मोजायचं. शंभरातले नव्वद जागेवर असतील तर रान बुडत नाही, हा हिशेब. मोठ्या माणसाला तो बराचसा लागू पडतो. पण उभ्या उसाला थोडं पाणी जास्त झालं तर चालतं, कांद्याच्या कोवळ्या रोपाला नाही. पोटातल्या बाळाच्या मेंदूत अ‍ॅसिटिलकोलीन नुसते निरोप देत नाही, मेंदूची घडण करण्यातही त्याचा हात असतो. शिवाय हे विष निष्प्रभ करणारं प्रथिन नवजात बाळात कमी असतं.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गरोदर बायकांच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात क्लोरपायरीफॉस मोजलं. या बायका शेतात जात नव्हत्या. घरात झुरळांसाठी फवारलेलं औषध त्यांच्या अंगात गेलं होतं. मुलं सात वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा ज्यांच्या नाळेत हे प्रमाण जास्त होतं त्यांची बुद्ध्यंकाची आणि स्मरणशक्तीची मोजमापं कमी भरली. कंपन्यांचा आक्षेप असा की गरिबी, शिसं, धूर अशी दुसरी कारणंही असू शकतात आणि मूळ आकडेवारी सगळ्यांना पाहायला मिळालेली नाही. आक्षेप अगदीच पोकळ नाही. संशोधकांनी ती दुसरी कारणं हिशेबात धरूनही फरक उरला, आणि उंदरांवरच्या प्रयोगांतही मेंदूच्या वाढीत बिघाड दिसला, म्हणून मला तो पुरेसा वाटत नाही.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये सांगितलं की या रसायनाची सुरक्षित मात्राच ठरवता येत नाही. २०२० मध्ये युरोपने परवानगी काढून घेतली.

## बंदी म्हणजे कुणाची, कुठे, कशावर

आता भावाच्या प्रश्नाकडे येते. बंदी हा शब्द आपण दिवा लावला-विझवला असा वापरतो. प्रत्यक्षात त्याचे बरेच थर आहेत.

सगळ्यात वरचा थर जगाचा. सहजासहजी न विघटणाऱ्या, वाऱ्या-पाण्याबरोबर दूरवर पसरणाऱ्या विषांसाठी स्टॉकहोम करार आहे. २०२५ च्या एप्रिल-मेमध्ये जिनिव्हात त्याची बैठक झाली आणि क्लोरपायरीफॉस हद्दपार करायच्या यादीत टाकलं गेलं, काही ठरावीक वापरांना मुदतीची सूट देऊन. ग्रुपवर आलेली बातमी ही. भारत २००६ पासून या करारात आहे, पण सामील होतानाच आपण एक अट घातली होती की यादीत नवीन नाव आलं तर ते आपोआप लागू होणार नाही, आपण वेगळी मंजुरी देऊ तेव्हाच होईल. म्हणून जिनिव्हात हात वर झाले तरी सांगोल्याचं दुकान दुसऱ्या दिवशी बंद होत नाही.

दुसरा थर देशाचा. आपला कायदा १९६८ चा, कीटकनाशक कायदा. औषधाची नोंदणी केंद्र सरकारच्या मंडळाकडे होते, आणि ती होते पीक आणि कीड धरून. यालाच लेबल क्लेम म्हणतात. नोंदणी कायमची रद्द करणंही केंद्राच्याच हातात. राज्य सरकार फार तर ६० दिवस विक्री थांबवू शकतं, चौकशीसाठी थोडी मुदत वाढवू शकतं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना वीसहून जास्त माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात गेली. तेव्हा राज्याने विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच औषधांवर बंदी घातली ती ६० दिवसांचीच. त्यांत मोनो होतं, अ‍ॅसिफेट होतं, प्रोफेनोफॉसचं मिश्रण होतं. पंजाब सरकार बासमतीची निर्यात अडकू नये म्हणून काढणीआधीच्या काळासाठी काही औषधांची विक्री हंगामापुरती थांबवतं, त्यांत क्लोरपायरीफॉसही असतं.

केंद्र हललं ते सावकाश. २०१३ मध्ये अनुपम वर्मा समिती नेमली, तिने इतर देशांनी नाकारलेली ६६ औषधं तपासली. २०१८ मध्ये १८ वर बंदी आली. मिथाइल पॅराथिऑन लगेच गेलं, फोरेट, डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस यांना २०२० च्या अखेरपर्यंत मुदत मिळाली. आपल्या ऊसवाल्यांचं थिमेट कायद्याने संपलं ते तेव्हा. मोनो तर बिहारमधल्या छपऱ्याजवळ २०१३ मध्ये शाळेतल्या दुपारच्या जेवणातून २३ मुलांच्या पोटात गेलं आणि ती मुलं मेली, तरी त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदी आली ती २०२३ च्या सप्टेंबर अखेरीस, तीही साठा संपवायला वर्षाची मुदत देऊन. दहा वर्षं. हा उशीर मला पटत नाही, आणि त्याचं समाधानकारक कारण मी आजवर ऐकलेलं नाही.

त्याच २०२३ च्या आदेशात क्लोरपायरीफॉसचं नाव आहे. त्याच्यावर पूर्ण बंदी आली नाही. बोर, लिंबूवर्गीय फळं आणि तंबाखू या पिकांवरचा वापर तेवढा काढून टाकला. आपल्या जिल्ह्यातल्या बोर आणि लिंबाच्या बागायतदारांनी हे लक्षात घ्यावं. उसासाठी विकत घेतलेली बाटली कायदेशीर आहे, तीच बाटली बांधापलीकडच्या लिंबावर मारली की बेकायदेशीर.

तिसरा थर गिऱ्हाइकाचा, आणि खिशाला सगळ्यात आधी तोच जाणवतो. युरोपात फळावर क्लोरपायरीफॉस किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. हे किती, ते सांगते. दहा टन द्राक्षं गाडीत भरली तर सगळ्या गाडीत मिळून ०.१ ग्रॅम. चिमूटभर मीठसुद्धा यापेक्षा जास्त भरतं. शेजारच्या उसावरून वाऱ्याने आलेला फवारा पंढरपूर-नान्नजकडच्या निर्यातीच्या बागेला तपासणीत नापास करायला पुरेसा होऊ शकतो.

## "अमेरिकेत चालतं, मग आपल्याला काय होतंय?"

अमेरिकेचं उदाहरण दोन्ही बाजूंचे लोक देतात, कारण तिथे गोष्ट बरीच हेलकावली. घरातला वापर २००० च्या करारानंतर बंद झाला. शेतातला वापर थांबवा असा अर्ज २००७ मध्ये झाला, २०१७ मध्ये सरकारने तो फेटाळला. कोर्टाने कान धरल्यावर २०२१ मध्ये अन्नपिकांवरची परवानगी काढली, आणि २०२३ मध्ये दुसऱ्या कोर्टाने तो निर्णयच रद्द केला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ते ११ पिकांपुरतं ठेवावं असा प्रस्ताव आला. तिथलं बरंचसं फवारणं मोठ्या यंत्रांनी होतं. बनियनवर, पाठीवर गळका पंप घेणाऱ्या आपल्या माणसाचा हिशेब आपला आपल्यालाच करावा लागेल.

## "आयुष्यभर मारलं, काही झालं नाही"

तात्या स्वतःच असं म्हणायचे, त्या एप्रिलच्या आदल्या दिवसापर्यंत. शरीर नवे गडी तयार करतं, पण त्याला काही आठवडे लागतात. लागोपाठ फवारण्या केल्या की रोज थोडे थोडे गडी कमी होत जातात. डोकं दुखतं, मळमळतं, आपण चहा घेऊन पुढे जातो. मग एके दिवशी नेहमीच्याच मात्रेने माणूस कोसळतो. गडी किती उरले ते रक्ताच्या कोलीनेस्टरेज तपासणीत कळतं. मजुरीने रोज वेगवेगळ्या बागांत फवारणाऱ्यांनी हंगामाआधी आणि मधे एकदा डॉक्टरांना विचारून ती करावी.

## "फळ धुतलं की झालं ना?"

थोडंफार होतं. क्लोरपायरीफॉस झाडाच्या आत भिनत नाही, सालीवर आणि सालीतल्या मेणात बसतं. चोळून धुतल्याने, साल काढल्याने ते कमी होतं, पूर्ण जात नाही. रोगर किंवा मोनो रसात भिनणारे, तिथे धुण्याने फारसा उपयोग नाही. खरा उपाय मळ्यातच आहे. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत लेबलवर लिहिलेले दिवस जाऊ द्यायचे. भाव चढला म्हणून तिसऱ्या दिवशी वांगी बाजारात नेली, तर घरातल्या नळाखाली ती चूक धुतली जात नाही.

## "मग हुमणीला काय घालायचं?"

हा सगळ्यात रास्त प्रश्न आहे, आणि याचं एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. स्वस्त औषध काढून घेतलं की शेतकरी महागड्याकडे किंवा तितक्याच घातक दुसऱ्याकडे वळतो. हुमणीचा भुंगा पहिल्या वळवानंतर संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर जमतो. गावाने मिळून तेव्हा प्रकाश सापळे लावले, फांद्या हलवून भुंगे रॉकेलच्या पाण्यात टाकले, तर अंडी घालायच्या आतच निम्मी लढाई होते. एकट्याने केलं तर शेजारच्या रानातून ते परत येतात. मेटारायझियम ही हुमणीला रोग लावणारी बुरशी शेणखतातून देता येते, पण तिला ओल लागते, आणि ती आठवड्यात निकाल देत नाही. डाळिंबाच्या खोडाला भोकं पाडणाऱ्या किडीसाठी केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात जाऊन सध्याची शिफारस विचारावी. दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा ती फेरी परवडते.

भावाला मी बाटलीबरोबरचं घडीचं माहितीपत्रक उघडायला सांगितलं. बारीक अक्षरं, अनेक भाषा. मराठीचा रकाना सापडायलाच त्याला वेळ लागला. "यात डाळिंब शोध," म्हटलं. तो वाचत गेला आणि म्हणाला, "वाचूस्तोवर डोळे दुखायलेत, अक्का. सापडेना."

मग मी विचारलं, फवारणीचे कपडे कोण धुतं? त्याची बायको सातव्या महिन्यात आहे. पलीकडून थोडा वेळ आवाज आला नाही. आता ते कपडे न्हाणीत येत नाहीत. विहिरीपासून लांब, बागेच्या कडेला त्याने एक वेगळी बादली ठेवली आहे. हातात मोजे घालून तो स्वतःच धुतो, बाभळीवर वाळवतो आणि आंघोळ करूनच घरात येतो.